हात दाखवून अवलक्षण : मेलबर्नच्या एका प्रेस नोटची गोष्ट

(वाचनालयाच्या व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

कार्यक्रमपत्रिकेवर माझा विषय 'सीमा कुठे सुरू होते?' असा छापलाय. विषय मीच दिला होता, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. त्या विषयापर्यंत मी येणार आहे. पण तिथला रस्ता एका प्रेस नोटवरून जातो, आणि माझी सगळी नोकरी प्रेस नोटा वाचण्यात गेल्यामुळे तिथे मी जरा रेंगाळणार. कार्यवाहांनी घड्याळ समोर ठेवलंय. ते मला दिसतंय.

आमच्या डेस्कवर रोज संध्याकाळी नोटांचा गठ्ठा यायचा. पोलिसांच्या, पालिकेच्या, वीज मंडळाच्या, माहिती खात्याच्या. नवा उपसंपादक आला की पहिल्यांदा तो गठ्ठा त्याच्या पुढ्यात. 'परिस्थिती तणावपूर्ण पण नियंत्रणात' म्हणजे आज घराबाहेर पडू नका. 'सौम्य लाठीमार' म्हणजे ज्यांना लागला नाही त्यांच्या मते सौम्य. आणि 'तांत्रिक कारणास्तव पाणीपुरवठा कमी दाबाने होईल' असं छापून आलं की आमच्या आळीत पिंपं भरायला सुरुवात. (हशा) हसताय म्हणजे तुमच्याकडेही तेच. नोट लिहिणाऱ्याला खरं ठाऊक असतं, छापणाऱ्याला ठाऊक असतं, वाचणाऱ्याला ठाऊक असतं. तरी ते कागदावर उतरवायचं नाही, हा करार.

मी तो करार एकदा मोडला. पाण्याचीच नोट होती. रात्रपाळी, जागा कमी, एका कॉलमचा मथळा द्यायचा होता. मी दिला : 'उद्या पाणी नाही'. सकाळी एका अधिकाऱ्याचा संपादकांना फोन. तुमच्या बाईंनी नागरिकांत घबराट पसरवली, आम्ही 'कमी दाबाने' म्हटलं होतं, 'नाही' कुठे म्हटलं? आता गंमत अशी की फोन चालू होता तेव्हा नळाला पाणी नव्हतं. दुपारीही नव्हतं. रात्रीही नव्हतं. तरी दुसऱ्या दिवशी खुलासा छापावा लागला, आणि तो मलाच लिहायला लावला. खुलाशात काय लिहिलं, तर पुरवठा कमी दाबाने झाला. शून्य हाही एक दाबच, असं मनाला समजावलं. त्या खुलाशाचं कात्रण माझ्याकडे अजून आहे, आणणार होते, राहिलं. असो. सांगायचं कारण एवढंच की सरकारी कागदात सरळ वाक्य लिहिणाऱ्याचं काय होतं, हे मला अनुभवानं माहीत आहे. म्हणून २०१५ साली मेलबर्नमध्ये जे घडलं ते वाचताना तिथल्या बाकी कुणापेक्षाही मला त्या नोट लिहिणाऱ्या बिचाऱ्याची जास्त कणव आली.

काय घडलं? २८ ऑगस्ट २०१५, शुक्रवार. त्याच्या दोनच महिने आधी, १ जुलैला, ऑस्ट्रेलियात 'बॉर्डर फोर्स' नावाचं नवं दल उभं राहिलं होतं. कस्टमची माणसं आणि इमिग्रेशनची माणसं एकत्र करून, गडद गणवेश चढवून, कमिशनर वगैरे हुद्दे देऊन. पूर्वीचा विमानतळावरचा माणूस कारकून वाटायचा, नवा शिपाई वाटायला लागला. वाटावा म्हणूनच तो गणवेश होता. तर या दलानं सकाळी एक नोट काढली. 'ऑपरेशन फॉर्टिट्यूड'. शुक्रवार-शनिवारच्या रात्री मेलबर्नच्या मध्यवस्तीत पोलीस, मेट्रो ट्रेन्स, यारा ट्राम्स, टॅक्सीवाल्यांचं नियमन करणारा विभाग, थकलेले दंड वसूल करणारे शेरीफ आणि बॉर्डर फोर्स अशी सगळ्यांची मिळून मोहीम. इथवर काही नाही. विनातिकीट प्रवासी, दारू पिऊन दंगा करणारे, जुने दंड थकवणारे, अशा मोहिमा होतातच. पण त्या नोटेत दलाच्या व्हिक्टोरिया-टास्मानियाच्या प्रादेशिक कमांडरच्या, डॉन स्मिथ यांच्या, तोंडी एक वाक्य होतं. आमचे अधिकारी शहराच्या मध्यभागी ठिकठिकाणी उभे असतील आणि वाटेत जो कोणी भेटेल त्याच्याशी बोलतील. पुढे सज्जड दमही : व्हिसाची लबाडी केलीत तर आज ना उद्या सापडणारच.

वाटेत जो कोणी भेटेल त्याच्याशी. शुक्रवारी रात्री, मेलबर्नमध्ये.

ज्यांची मुलं तिकडे आहेत त्यांना चित्र डोळ्यांपुढे येईल. बाकीच्यांसाठी सांगते. मेलबर्नच्या मधोमध फ्लिंडर्स स्ट्रीट स्टेशन आहे. पिवळी जुनी इमारत, वर घुमट, आणि दाराच्या कमानीवर ओळीनं घड्याळं, एकेका मार्गाची पुढची गाडी किती वाजता ते सांगणारी. कुणाला भेटायचं ठरलं की 'घड्याळांखाली भेटू' एवढंच सांगतात. पायऱ्यांवर पोरं बसलेली असतात. समोर फेडरेशन स्क्वेअर, कोपऱ्यावर सेंट पॉलचं चर्च, दुसऱ्या कोपऱ्यावर जुना पब. तिथे एखादा अधिकारी उभा राहून 'वाटेत भेटेल त्याच्याशी' बोलायला लागला तर पहिल्या दहा मिनिटांत त्याला व्हिएतनामी, ग्रीक, पंजाबी, सोमाली, इटालियन, चिनी आणि आयर्लंडचा एखादा तर्र झालेला पोरगा भेटेल. यातले बहुतेक नागरिक. आणि व्हिसा संपूनही राहिलेल्यांच्या यादीत मलेशिया, चीन यांच्याबरोबर ब्रिटन आणि अमेरिका या देशांचीही माणसं वरच्या नंबरांत असतात. मग अधिकारी नेमका कुणाला थांबवणार, गोऱ्या आयरिश पोराला की माझ्या मुलीला? हे लोकांना कुणी समजावून सांगावं लागलं नाही. त्या एका वाक्यात ते सगळं होतं.

दुपारी दोनला स्टेशनपाशी मोहिमेची पत्रकार परिषद होती. मंडळी कॅमेऱ्यांसमोर एका ओळीत उभी राहून निर्धार वगैरे व्यक्त करणार होती. पण नोट सकाळपासून ट्विटरवर फिरत होती, आणि दोनच्या सुमाराला घड्याळांखाली माणसंच माणसं. फलक, घोषणा. ट्राम अडल्या. लोकांनी बॉर्डर फोर्सच्या नावातल्या फोर्सचा 'फार्स' करून टाकला होता, दिवसभर तेच चाललं. परिषद रद्द. थोड्या वेळानं व्हिक्टोरिया पोलिसांनी जाहीर केलं की अख्खी मोहीमच रद्द. सकाळी फोडलेला नारळ, संध्याकाळच्या चहाच्या आत विसर्जन.

माझी मुलगी तेव्हा तिथून चालत जाण्याच्या अंतरावर नोकरी करत होती. मी फोनवर विचारलं, गेलीस का गं मोर्चाला? म्हणाली, "आई, वेडी आहेस का? पीआरचा अर्ज आत आहे माझा." पीआर म्हणजे तिकडे कायम राहायची परवानगी. जेवणाच्या सुट्टीत रस्त्यापलीकडून बघून आली. तिच्या ओळखीतलं, म्हणजे आपल्याकडचं, कुणीच गेलं नव्हतं. गर्दीत होते ते विद्यार्थी, कामगार संघटनांचे लोक, वकील, बरेचसे गोरे. ज्याला अडवलं जायची भीती सगळ्यांत जास्त तोच घोषणा द्यायला येऊ शकत नाही. तिचं वाक्य लक्षात ठेवा. घड्याळानं परवानगी दिली तर मी त्याच्याकडे परत येणार आहे.

आता सारवासारव. त्यातही बघण्यासारखी कलाकुसर आहे.

आधी दलानं खुलासा काढला : आम्ही रस्त्यावर लोकांना सरसकट थांबवत नाही, थांबवणार नाही, वंश-धर्म बघून तर नाहीच. मग कमिशनर रोमन क्वेडव्लीग कॅमेऱ्यासमोर आले आणि म्हणाले, नोटेची शब्दरचना गबाळी झाली, ती खालच्या पातळीवर मंजूर झाली होती. खालच्या पातळीवर. सगळ्या जगातल्या सरकारांमध्ये ही एक पातळी असतेच, आणि पाणी नेहमी तिथेच मुरतं. मंत्री होते पीटर डटन. त्यांच्या कार्यालयात नोट आधीच आली होती, असं निघालं. पण तिथे ती कुणी वाचली नाही, नेहमीचाच कागद वाटला, म्हणे. आणि शेवटी पंतप्रधान टोनी ॲबट. ते म्हणाले, इथे काहीही घडलेलं नाही, फक्त एक वाईट लिहिलेली प्रेस नोट निघाली. रस्त्यात लोकांना थांबवून व्हिसा मागणं आमच्या सरकारकडून कधीच होणार नाही.

हे ऐकलं आणि माझ्यातली उपसंपादक उठून बसली. कारण माझं म्हणणं नेमकं उलट आहे, आणि ते सांगायलाच मी आज आले आहे. ती नोट वाईट लिहिलेली नव्हती. उत्तम लिहिलेली होती! कर्ता होता, कर्म होतं, क्रियापद होतं. कोण उभं राहणार, कुठे उभं राहणार, काय करणार, सगळं एका वाक्यात. सकाळी निघालेली नोट दुपारी दोनपर्यंत शहरातल्या प्रत्येक माणसाला कळली. माझ्या हयातीत मी अशी प्रेस नोट बघितलेली नाही. वाईट लिहिली असती, म्हणजे आपल्या पद्धतीनं 'विविध यंत्रणांच्या समन्वयातून अनुपालनविषयक संवाद साधण्यात येईल' असं लिहिलं असतं, तर एक माणूस रस्त्यावर आला नसता, आणि शुक्रवारी रात्री मोहीम पार पडली असती. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्या बिचाऱ्यानं ती उघडली, एवढाच त्याचा गुन्हा.

तुम्ही म्हणाल, बाई, पण कायद्यात तसं नव्हतंच ना? बरोबर. तिकडच्या १९५८च्या मायग्रेशन ॲक्टचं १८८ वं कलम आहे. त्याप्रमाणे अधिकारी कागद मागू शकतो, पण समोरचा माणूस नागरिक नाही हे त्याला माहीत असेल किंवा तसा संशय घ्यायला रास्त कारण असेल तरच. भेटेल त्याला नाही. म्हणजे नोटेनं अधिकाऱ्यांना कायद्यापेक्षा जास्त अधिकार देऊन टाकले होते. पण मला सांगा, चालत्या माणसाकडे बघून तो नागरिक नाही असा रास्त संशय यायला काय दिसावं लागतं? कलम तिथे गप्प बसतं. इथेच घोडं पेंड खातं. आणि नागरिकानं सिद्ध करायचं ठरवलं तरी करणार कशानं? तिकडे आधार कार्ड नाही. १९८५मध्ये बॉब हॉक यांच्या सरकारनं 'ऑस्ट्रेलिया कार्ड' आणायचं ठरवलं, त्यावरून १९८७मध्ये दोन्ही सभागृहं बरखास्त करून निवडणूक घेतली, जिंकलेही, आणि तरीही लोकांनी एवढा गदारोळ केला की काही महिन्यांत योजना गुंडाळावी लागली. खिशात ओळखपत्र घेऊन फिरायची सवयच नसलेला देश आहे तो. तिथे भाजी आणायला निघालेल्या माणसाला नागरिकत्व विचारायचं म्हणजे काय!

आता मूठ झाकण्याची परंपरा तिकडे किती जुनी आहे ते सांगते. ही माझी लाडकी गोष्ट आहे. घरात कुणी ऐकत नाही, तुम्हाला ऐकावी लागेल. (हशा)

१९०१ साली ऑस्ट्रेलियाच्या वसाहती एकत्र येऊन देश झाला, आणि नव्या संसदेनं अगदी सुरुवातीला जे कायदे केले त्यांत एक इमिग्रेशन रिस्ट्रिक्शन ॲक्ट. हेतू उघड होता, भाषणांमध्ये बोललाही गेला : गोरे सोडून कुणी नको. पण लंडनची अडचण होती. हिंदुस्थान साम्राज्यात, जपानशी गोडीगुलाबी, उघड उघड रंग लिहू नका असा निरोप. तोड तयार होती. दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ वसाहतीनं १८९७मध्ये काढली होती, कुणाला रोखायला, तर हिंदी लोकांना. त्याच वर्षी जानेवारीत दरबानमध्ये गांधींवर जमाव चालून गेला होता, त्याच वातावरणातला तो कायदा. तोड अशी की चामडीबद्दल बोलायचंच नाही, परीक्षा घ्यायची. ऑस्ट्रेलियानं ती उचलली. बंदरावर उतरणाऱ्या माणसाला अधिकारी पन्नास शब्दांचा उतारा सांगणार, त्यानं तो लिहून दाखवायचा. लिहिता आला नाही तर परत. कुठल्या भाषेत? कोणत्याही युरोपीय भाषेत. आणि ती निवडणार अधिकारी.

बघा केवढी सोय. अख्ख्या कायद्यात रंगाचा उल्लेख नाही. आमच्याकडे काय हो, साधं शुद्धलेखन आहे, येतं त्याला येतं. कलकत्त्याहून इंग्रजी शिकून आलेला बाबू असेल तर त्याला डच द्यायचं. १९०९नंतर या परीक्षेत एकही माणूस पास झालेला नाही. एकही! आपल्या शिक्षण मंडळाला एवढा कडक निकाल लावायची हिंमत झालेली नाही. १९५८मध्ये रद्द होईपर्यंत ती परीक्षा चालू होती, आणि गोऱ्या माणसाला सहसा कुणी तिला बसवतच नसे.

सहसा. कारण १९३४मध्ये एगॉन एर्विन किश आला. प्राग शहरातला, नावाजलेला पत्रकार, ज्यू, कम्युनिस्ट, हिटलरच्या तुरुंगाची हवा खाऊन सुटलेला. मेलबर्नमध्ये युद्ध आणि फॅसिझमविरोधी परिषद होती, तिथे बोलायला येत होता. सरकारला तो नको होता. ॲटर्नी जनरल होते रॉबर्ट मेंझीस, पुढे पंतप्रधान झाले तेच. जहाज फ्रीमँटलला लागलं, किशला उतरू दिलं नाही. मेलबर्नला लागलं, तिथेही नाही. जहाज सुटायची वेळ आली तसा हा पन्नाशीला टेकलेला, अंगानं भरलेला गृहस्थ कठड्यावर चढला आणि धक्क्यावर उडी टाकली. चांगला पाच-सहा मीटरचा फासला. पाय मोडला. तशा मोडक्या पायानं त्याला उचलून परत जहाजावर नेला. झालं काय, तर सरकारला नको असलेलं भाषण द्यायच्या आतच देशभर पोहोचलं.

सिडनीला न्यायमूर्ती इव्हट यांनी त्याला जहाजावर अडकवून ठेवणं बेकायदा ठरवलं. मग सरकारनं ठेवणीतलं अस्त्र काढलं : परीक्षा. पण किशला भाषा येत अनेक. जर्मन द्यावं तर मातृभाषा, फ्रेंच द्यावं तर तीही येते. शोधत शोधत मंडळी जाऊन पोहोचली स्कॉटिश गेलिकवर. स्कॉटलंडच्या उत्तरेला डोंगरात आणि बेटांवर बोलतात ती. उतारा सांगायला एक पोलीस शोधला, जन्मानं तिकडचा. त्याचं स्वतःचं गेलिक बेताचंच होतं, हे पुढे कोर्टात दिसलं. किशनं अर्थातच लिहायला नकार दिला. नापास. प्रकरण हायकोर्टात गेलं, म्हणजे तिकडचं सर्वोच्च न्यायालय, आणि डिसेंबर १९३४मध्ये न्यायमूर्तींनी बहुमतानं निकाल दिला की या कायद्याच्या अर्थानं स्कॉटिश गेलिक ही 'युरोपीय भाषा' नव्हे. किश सुटला. आणि मग खरी धमाल, कारण ऑस्ट्रेलियातले स्कॉटिश लोक खवळले. आमची भाषा युरोपीय नाही म्हणता? वर्तमानपत्रांत पत्रांचा पाऊस. ती पत्रं इतकी तिखट होती की किशनंच सिडनीच्या पेपरावर न्यायालयाच्या अवमानाचा खटला लावला. कोण कुठला कम्युनिस्ट बाजूलाच राहिला, स्कॉटिश मंडळी न्यायमूर्तींना शिव्या घालायला लागली.

दोनच वर्षांनी, १९३६मध्ये, आपल्या हिंदुस्थानात जन्मलेल्या एका इंग्रज बाईला, मेबल फ्रीअर तिचं नाव, याच परीक्षेला बसवलं. इटालियनमध्ये. तिचं एका विवाहित लष्करी अधिकाऱ्याशी प्रकरण होतं, एवढंच खरं कारण. त्यावरही एवढा ओरडा झाला की पुढच्या वर्षी तिला येऊ द्यावं लागलं. बत्तीस-पस्तीस वर्षं ती परीक्षा चिनी, हिंदी, जपानी माणसांना बिनबोभाट परत पाठवत होती तेव्हा शहरं शांत होती. गोऱ्या लेखकाला आणि गोऱ्या बाईला लावली, आणि परीक्षा थट्टेचा विषय झाली. माझी मुलगी रस्त्यापलीकडून बघत होती म्हटलं ना, ते इथे येऊन जोडा.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. म्हणजे सातच धरा, आभारप्रदर्शन आहे.

मग २००१चं 'मुलं समुद्रात फेकली' हे प्रकरण घाईत सांगते, खरं तर त्याला तास हवा. ऑक्टोबर २००१, निवडणूक जाहीर झालेली. आश्रितांची एक बोट नौदलानं अडवली. मंत्री फिलिप रडॉक यांनी सांगितलं, या लोकांनी स्वतःची मुलं पाण्यात फेकली. मग फोटो आले, पाण्यात मुलं, पाण्यात बायका. फोटो खरे होते, पण दुसऱ्या दिवशीचे, बोट बुडाली तेव्हाचे. मुलं कुणी फेकलीच नव्हती. नौदलातल्या लोकांना हे काही दिवसांत कळलं होतं. वरपर्यंत ते मतदानाआधी काही पोहोचलं नाही, म्हणे. खालून वर जाणारी माहिती नेमकी अशा वेळी जिन्यात दमते. जॉन हॉवर्ड यांनी प्रचारात ठणकावलं की या देशात कोण येणार आणि कसं येणार ते आम्ही ठरवू, १० नोव्हेंबरला ते जिंकले, आणि सिनेटच्या चौकशीचा अहवाल आला २००२मध्ये. वरातीमागून घोडं.

आता मूळ विषय. सीमा कुठे सुरू होते? नकाशात बघितलं तर ऑस्ट्रेलियाइतकी सोपी सीमा कुणाची नाही, चारी बाजूंनी पाणी. पण २००१मध्ये त्यांनी कायदा करून ख्रिसमस आयलंड, कोकोस, ॲशमोर ही स्वतःचीच बेटं 'मायग्रेशन झोन'मधून वगळली. म्हणजे तिथे बोटीनं पोहोचलात तरी कायद्यानं पोहोचला नाहीत. २०१३मध्ये तर मजूर पक्षाच्या सरकारनं बोटीनं येणाऱ्यांपुरती अख्खी मुख्य भूमीच वगळली. डार्विनच्या किनाऱ्यावर पाय वाळूत, आणि कायद्याच्या लेखी तो माणूस अजून समुद्रात. अशांना ठेवलं कुठे, तर नौरू या छोट्या बेट-देशात आणि पापुआ न्यू गिनीच्या मानुस बेटावर. बोटींचं समुद्रात काय होतंय विचारलं की स्कॉट मॉरिसन मंत्री असताना उत्तर ठरलेलं : समुद्रावरच्या कारवाईबद्दल बोलणार नाही. २०१५च्या बॉर्डर फोर्स ॲक्टमध्ये तर नौरू-मानुसला काम करणाऱ्यांनी आतली माहिती बाहेर दिली तर दोन वर्षं कैदेची तरतूद होती, डॉक्टरांनी जाहीर विरोध केल्यावर पुढच्या वर्षी त्यांना सूट मिळाली. ज्या दलाची ती नोट, त्याच दलाचा हा कायदा. गप्प बसायचा कायदा आणि बोलून फसलेली नोट, एकाच उन्हाळ्यातली. तिकडचा हिवाळा म्हणायला हवं, सॉरी.

म्हणजे सीमा एका बाजूला हजारो किलोमीटर बाहेर सरकवली, आणि दुसऱ्या बाजूला आत, थेट फ्लिंडर्स स्ट्रीटच्या फुटपाथपर्यंत. माझं म्हणणं एवढंच की लोक चिडले ते आत सरकली तेव्हा. मेलबर्नच्या विमानतळावर मी गोडा मसाला, लोणचं, सगळं कार्डावर खरं लिहिते. अधिकारी पिशवी उघडतो, हुंगतो, मी उभी राहते, मला राग येत नाही, कारण तिथे सीमा आहे हे मी मान्य करून आलेली असते. चौकात सिग्नलला उभी असताना तोच माणूस आला तर येईल. ही त्या दिवशीच्या गर्दीची भावना, आणि ती रास्तच होती. पण तीच माणसं, निदान त्यातली बरीच, नौरूच्या धोरणाला दोन्ही मोठ्या पक्षांमार्फत मत देत आली. सतरा दिवसांत ॲबट यांची खुर्ची गेली, १४ सप्टेंबरला माल्कम टर्नबुल आले, पण ती गेली पक्षातल्या हिशेबांमुळे, या नोटेमुळे नाही. नौरू तिथेच राहिलं.

आणि भारतीय? त्याच चौकात ३१ मे २००९ला आपल्या विद्यार्थ्यांनी ठिय्या दिला होता, मारहाणीच्या विरोधात, रात्रभर, पहाटे पोलिसांनी उठवलं. तेव्हाही वरून ऐकू येत होतं की हे वंशद्वेषी नाहीत, संधीसाधू चोऱ्या आहेत. पोलीसप्रमुखांनी पुढे सल्ला दिला की महागड्या वस्तू दाखवू नका, जमेल तेवढे गरीब दिसा. आपली पोरं रस्त्यावर बसली तेव्हा त्यांच्याकडे तात्पुरते व्हिसे होते. सहा वर्षांनी त्यांचेच पीआरचे अर्ज आत होते, तेव्हा ती रस्त्यापलीकडे उभी. आता बरेच जण नागरिक आहेत, आणि ३१ ऑगस्ट २०२५ला स्थलांतरितांविरुद्ध तिकडे शहराशहरांत मोर्चे निघाले तेव्हा प्रचारपत्रकांत नाव घेऊन भारतीयच होते. त्यावर आपल्या मंडळांत काय बोललं गेलं? आम्ही कायदेशीर आलो, कर भरतो, आम्हाला त्या बोटवाल्यांत मोजू नका. हे वाक्य मी जेवणाच्या टेबलावर स्वतः ऐकलं आहे, आणि बोलणाऱ्याला वाढायचं काम माझ्याकडे होतं म्हणून गप्प बसले.

याला अपवाद एकच सांगते आणि बसते, कार्यवाह उभे राहिलेत. क्वीन्सलँडमध्ये बिलोएला नावाचं गाव आहे. खाटिकखाना, कोळशाच्या खाणी, गुरं, मतदान नेहमी उजवीकडे. तिथे एक तमिळ कुटुंब राहत होतं, आईवडील श्रीलंकेचे, वेगवेगळ्या बोटींनी आलेले, दोन लहान मुली ऑस्ट्रेलियातच जन्मलेल्या. मार्च २०१८मध्ये पहाटे बॉर्डर फोर्सनं त्यांना उचललं. पुढे ख्रिसमस आयलंडला ठेवलं. कुणी प्रेस नोट काढली नव्हती, पहाटेची वेळ निवडली होती, म्हणजे या वेळी सगळं 'नीट लिहिलं' होतं. तरी गावातल्या बायकांनी सह्या गोळा केल्या, खासदारांचे उंबरे झिजवले, वर्षानुवर्षं, आमची माणसं आम्हाला परत द्या म्हणून. जून २०२२मध्ये सरकार बदलल्यावर ते कुटुंब बिलोएलाला परत आलं. त्या बायकांना कुणी फुटपाथवर अडवणार नव्हतं. तरी त्या का उठल्या, याचं माझ्याकडे एक उत्तर आहे, पण ते माझ्या आजच्या सगळ्या मांडणीला छेद देणारं आहे आणि वेळ संपली आहे. चहा खाली आहे ना? मग तिथे विचारा.